नव्वद दिवसांचा हिशेब

आपल्या प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात दाराआड एक कॅलेंडर लटकत असतं. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, भिशीचा हप्ता, चतुर्थी, धुणंभांडीवाल्या मावशींची सुट्टी... घराचा सगळा हिशेब त्याच्यावर. घरातल्या पुरुषमाणसाला ते कॅलेंडर वाचता येत नाही, कारण त्यातल्या खुणा फक्त आपल्याला कळतात.

परवा माझ्या भाचीने मला मोबाईलवर असंच एक कॅलेंडर दाखवलं. पोलंडमधल्या क्राकूव शहरातल्या एका छोट्याशा स्वयंपाकघरातलं. त्यावर लाल गोल होते, निळे गोल होते, आणि काही तारखांखाली दोन-दोन रेघा. मी म्हटलं, "हा काय दुधाचा हिशेब?"

भाची हसली नाही. म्हणाली, "मावशी, हा हद्दीचा हिशेब. कधी इकडे यायचं, कधी तिकडे जायचं, आणि किती दिवसांच्या आत परत फिरायचं, त्याचा."

ते कॅलेंडर होतं तिच्या जुन्या घरमालकीणबाईंचं. भाची युक्रेनमध्ये टर्नोपिल या गावी डॉक्टरकी शिकायला होती, तेव्हा या बाईंच्या घरी दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहायची. आमची पोरगी त्यांना काकूच म्हणायची. काकूंनी तिला बीटाचं सूप करायला शिकवलं, हिने त्यांना पोहे. पुढे २०२२ साली युद्ध आलं. आमची पोरगी घरी आली आणि काकू परक्या देशात गेल्या. तेव्हापासून काकूंचं आयुष्य त्या कॅलेंडरवर चाललंय.

मैत्रिणींनो, व्हिसा आणि पासपोर्ट म्हटलं की आपल्याला वाटतं, हे कागदपत्रांचं काम, बाप्यांनी बघावं. पण या हिशेबात एक आई आहे, तिची म्हातारी आई आहे, आणि वयात येणारा मुलगा आहे. म्हणून तो जरा नीट समजून घेऊ या.

शेजारच्या दाराला कुलूप

युक्रेन आणि पोलंड हे सख्खे शेजारी. दोघांमधली हद्द साधारण ५३५ किलोमीटरची. भाषा वेगळ्या, पण कानाला जवळच्या. रेल्वेचे रूळ मात्र वेगळे. युक्रेनचे १५२० मिलिमीटरचे रुंद रूळ, पलीकडे १४३५ चे. कीवहून निघालेली गाडी रुंद रुळांवरून प्शेमिश्ल या पोलिश गावापर्यंत येते, आणि मग पुढे जायला गाडी बदलायची. घड्याळही एक तास मागे करायचं.

१९९० नंतर युक्रेनमध्ये कारखाने बंद पडले, पगार थकले. तेव्हा तिथल्या बायका पिशव्या भरून पोलंडच्या बाजारात यायच्या. काही विकायचं, काही विकत घ्यायचं, संध्याकाळी परत. पुढे स्ट्रॉबेरी आणि सफरचंदं तोडायची कामं मिळाली, कुणाच्या घरी साफसफाई, कुणाच्या म्हाताऱ्या आईची सेवा. कितीतरी जणी इटलीपर्यंत पोहोचल्या आणि तिथल्या आजारी आजी-आजोबांचं करू लागल्या. त्यांची स्वतःची मुलं मात्र गावाकडे आजीकडे वाढत होती. दुसऱ्याची आई सांभाळायची आणि आपली मुलं आपल्या आईवर टाकायची. आपल्याकडेही मुंबईला पोटासाठी गेलेल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

मग पोलंड युरोपीय संघात जायच्या तयारीला लागला. त्यासाठी शेजारच्या दाराला कुलूप घालणं भाग होतं. १ ऑक्टोबर २००३ पासून युक्रेनच्या माणसांना पोलंडला जायला व्हिसा लागू लागला. सुरुवातीला तो फुकट मिळायचा. पण २१ डिसेंबर २००७ ला पोलंड 'शेंगेन'मध्ये सामील झाला आणि सगळंच बदललं.

शेंगेन म्हणजे काय, तर युरोपातल्या देशांनी आपसांत केलेला करार. आज त्यात २९ देश आहेत. एकदा आत शिरलात की एका देशातून दुसऱ्यात जाताना एरवी पासपोर्ट तपासत नाहीत. वाड्यातल्या खोल्यांसारखं. आतली दारं उघडी, पण बाहेरचा दिंडीदरवाजा भक्कम. आता पोलंडची युक्रेनकडची हद्द ही या सगळ्या वाड्याचा दिंडीदरवाजा झाली. व्हिसाला ३५ युरो पडू लागले, बँकेचे कागद आले, नोकरीचा दाखला आला, बोलावणाऱ्याची चिठ्ठी आली. पलीकडच्या गावात बहीण दिलेली, पण तिच्याकडे जायचं तर आधी वकिलातीच्या रांगेत उभं राहायचं. हद्दीलगतच्या गावांची अडचण ओळखून २००९ पासून तिथल्या रहिवाशांना वेगळा परवाना देऊ लागले, तेवढाच काय तो दिलासा.

गंमत म्हणजे युक्रेनने २००५ सालीच युरोपीय संघाच्या लोकांना व्हिसा माफ केला होता. म्हणजे त्यांनी आपल्याकडे यावं, आपण मात्र रांगेत. तब्बल बारा वर्षं हा एकतर्फी पाहुणचार चालला.

दार उघडलं तो दिवस

११ जून २०१७ ला युक्रेनच्या लोकांना शेंगेन देशांचा व्हिसा माफ झाला. स्लोव्हाकियाच्या हद्दीवर दोन्ही देशांच्या राष्ट्राध्यक्षांनी एक खोटं दार उभारून ते उघडलं. फोटोसाठीच होतं ते. पण ज्यांनी वर्षानुवर्षं रांगा लावल्या होत्या, त्यांना ते खोटं वाटलं नसणार.

काकू तेव्हा पहिल्यांदा आईला घेऊन क्राकूव बघायला गेल्या होत्या. चार दिवस. आई आयुष्यात पहिल्यांदाच देशाबाहेर पडली होती. तिने जाताना सगळ्यांसाठी सॅंडविच बांधून घेतली होती आणि हद्दीवर त्यातलं डुकराच्या मांसाचं सॉसेज काढून घेतलं, म्हणून ती दोन तास फुरंगटून बसली होती.

ही सूट कुणाला, ते नीट बघा. पासपोर्ट बायोमेट्रिक हवा, म्हणजे ज्याच्यात चिप असते तो. युक्रेनमध्ये असे पासपोर्ट जानेवारी २०१५ पासून मिळू लागले. जुना असेल तर व्हिसा लागणारच. पासपोर्ट काढून दहा वर्षं उलटलेली नसावीत, आणि परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने तो चालू असावा. हद्दीवरचा अधिकारी विचारू शकतो, कशाला आलात, उतरणार कुठे, खर्चाला पैसे किती आहेत, परत कधी जाणार. उत्तर पटलं नाही तर तिथूनच माघारी पाठवू शकतो. व्हिसा माफ झाला म्हणजे चौकशी माफ झाली, असं नव्हे.

दुसरं म्हणजे ही सूट फिरायला जाणाऱ्याला, पाहुण्याला आणि कामाच्या बैठकीला येणाऱ्याला. आपोआप नोकरी करायची परवानगी तिच्यात नाही. नोकरी करायची तर त्या त्या देशाचे वेगळे कागद. शिकायला किंवा कायम राहायला जायचं, तर त्या देशाचा लांब मुदतीचा व्हिसा. आणि ब्रिटन या वाड्यात नाही, तिथे जायला युक्रेनच्या लोकांना व्हिसा लागतोच.

नव्वद म्हणजे नक्की किती?

आता मुख्य हिशेब. नियम असा आहे की कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. ऐकायला सोपं. पण भल्याभल्यांची इथे फसगत होते.

पुष्कळांना वाटतं, तीन महिने राहायचं, एक दिवस हद्दीबाहेर पाऊल टाकायचं आणि परत तीन महिने. तसं नाही. कुणी म्हणतं, जानेवारी ते जून एक हप्ता आणि जुलै ते डिसेंबर दुसरा. तसंही नाही. ज्या दिवशी तुम्ही आत आहात, त्या दिवसापासून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यात तुम्ही आत किती दिवस होतात ते बघायचं. उद्या परत मागे १८० मोजायचे. म्हणजे ही मोजपट्टी रोज एक दिवस पुढे सरकते. आल्याचा दिवस धरायचा, गेल्याचा दिवसही धरायचा. आणि सगळ्या शेंगेन देशांचे दिवस एकत्र. पोलंडमध्ये ५० आणि जर्मनीत ४० म्हणजे झाले नव्वद.

काकूंची धाकटी बहीण युक्रेनमध्येच असते आणि अधूनमधून क्राकूवला येते. तिचाच हिशेब सोयीच्या तारखा घेऊन मांडू.

समजा ती १ जानेवारी २०२५ ला आली आणि १ मार्चला परत गेली. जानेवारीचे ३१, फेब्रुवारीचे २८ आणि मार्चचा १, झाले ६०. शिल्लक ३०. पुन्हा ती १ मे ला आली. तर ३० मे हा तिचा शेवटचा दिवस. मागे १८० दिवस मोजले तर २ डिसेंबरपर्यंत जातात, म्हणजे जानेवारीपासूनचे सगळे साठ दिवस अजून हिशेबात आहेत. साठ आणि तीस, नव्वद.

मग ती परत कधी येऊ शकेल? ३० जूनला. कारण त्या दिवशी मागे मोजलं की १ जानेवारी हिशेबातून गळतो. दुसऱ्या दिवशी २ जानेवारी गळतो. जुना एक दिवस जातो, नवा एक दिवस मिळतो. असं करत ती २८ ऑगस्टपर्यंत राहू शकते, त्यापुढे नाही.

वाचताना डोकं गरगरलं ना? माझंही गरगरलं. मी कागद-पेन्सिल घेऊन दोनदा मांडलं तेव्हा कुठे जमलं. आणि चुकलं तर? दंड होतो, आणि काही वर्षं परत येण्याची बंदीही होऊ शकते. पूर्वी पासपोर्टवरचे पुसट शिक्के वाचत हे दिवस मोजायचे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू केली. तिच्यात थोडक्या मुदतीसाठी येणाऱ्या बाहेरच्या माणसाच्या बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात आणि येण्या-जाण्याची नोंद संगणकातच होते. १२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फोटो घेतात. म्हणजे एक दिवसही इकडेतिकडे झाला तर संगणक सांगणार. शिवाय व्हिसा माफ असलेल्यांनी निघण्याआधी ऑनलाइन परवानगी काढायची, अशी आणखी एक पायरी युरोपीय संघाने ठरवलेली आहे. तिची फी २० युरो, आणि १८ वर्षांखालच्या व सत्तरीपुढच्यांना ती माफ.

आईच्या पिशवीत काय चालतं?

आता आपला जिव्हाळ्याचा विषय. लेकीकडे जाताना रिकाम्या हाताने कोण जातं? युक्रेनची आईही नाही जात.

पण युरोपीय संघाच्या हद्दीत बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. जनावरांचे रोग पसरू नयेत म्हणून. तिकडच्या घराघरांत 'सालो' म्हणून डुकराची खारवलेली चरबी असते, आपल्याकडे लोणच्याची बरणी असते तशी. ती चालत नाही. घरचं चीज नाही, लोणी नाही, सॉसेज नाही. मध चालतो, दोन किलोपर्यंत. तान्ह्या बाळाची दुधाची पावडर चालते, तीही दोन किलोपर्यंत. ताज्या फळांना आणि भाज्यांना झाडांच्या आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यातून सुटलेली फळं फक्त पाच. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन. म्हणजे अंगणातल्या झाडाचं सफरचंद अडणार आणि नारळ सुटणार! युक्रेनमधल्या कुठल्या आजीच्या दारात नारळाचं झाड असतं, सांगा बरं.

दहा हजार युरो किंवा त्याहून जास्त रोकड जवळ असेल तर ती आधी सांगावी लागते. ही अडचण काकूंना कधी आली नाही, असं त्यांनीच भाचीला हसत सांगितलं.

ती रात्र

२४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे रशियाने युक्रेनवर अनेक बाजूंनी हल्ला केला. आपल्या महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी ते दिवस टीव्हीसमोर आणि फोनसमोर काढले. माझ्या बहिणीच्या घरी तीन दिवस धड चूल पेटली नाही.

भाची आणि तिच्या मैत्रिणी काकूंच्या ओळखीच्या गाडीने निघाल्या. शेहिनीच्या हद्दीवर वाहनांची इतकी लांब रांग होती की शेवटचं अंतर थंडीत चालत काटावं लागलं. पोलंडने तेव्हा भारतीय मुलांनाही व्हिसाशिवाय आत घेतलं. पलीकडे मेडिका गावात कुणीतरी तिच्या हातात गरम सूप दिलं, अंगावर ब्लँकेट टाकलं. मग विमानाने भारत. 'ऑपरेशन गंगा'च्या त्या दिवसांत युक्रेनमधून सुमारे २२,५०० भारतीय परतले.

चार दिवसांनी काकूही मुलाला घेऊन त्याच वाटेने निघाल्या. मुलगा चौदा वर्षांचा. त्यांचे यजमान मात्र हद्दीपर्यंत आले आणि तिथून मागे फिरले. कारण लष्करी कायदा लागू झाला होता आणि १८ ते ६० वर्षांच्या पुरुषांना देश सोडायला बंदी झाली होती. तीन किंवा जास्त लहान मुलांचा बाप, अशा काही जणांनाच सूट. म्हणून त्या रांगा आठवून बघा, सगळ्या बायका, मुलं आणि म्हाताऱ्या.

एरवी मुलाला देशाबाहेर न्यायचं तर युक्रेनमध्ये दुसऱ्या पालकाची नोटरी केलेली संमती लागायची. युद्धकाळात ती अट शिथिल झाली. आई, आजी, मोठी बहीण, कुणीही मुलाला नेऊ शकलं. पोलंडनेही नियमांची वही जरा बाजूला ठेवली. पासपोर्ट नाही? ओळखपत्र दाखवा. तेही नाही? जन्मदाखला. काहीच नाही? तरी आत या, मग बघू. कुत्र्या-मांजरांची लसीची कागदपत्रंसुद्धा तेव्हा अडवली नाहीत. प्शेमिश्ल स्टेशनच्या फलाटावर पोलिश आयांनी आपल्या बाळांच्या ढकलगाड्या आणून ठेवल्या होत्या, उतरणाऱ्या आयांसाठी. तो फोटो तुमच्यापैकी अनेकींनी पाहिला असेल.

४ मार्च २०२२ ला युरोपीय संघाने 'तात्पुरतं संरक्षण' जाहीर केलं. तो कायदा २००१ सालीच करून ठेवला होता, युगोस्लाव्हियाच्या युद्धांनंतर. वीस वर्षं तो कपाटात होता, वापरला पहिल्यांदाच. त्याने राहायचा हक्क मिळाला, नोकरीचा, मुलांच्या शाळेचा आणि औषधपाण्याचा. इथे नव्वद दिवसांची अट नाही. पुढे मुदत वाढत वाढत ४ मार्च २०२७ पर्यंत आली. २०२५ च्या अखेरीस या संरक्षणाखाली युरोपात ४३ लाखांच्या आसपास माणसं होती. जर्मनीत १२ लाखांच्या घरात, तर पोलंडमध्ये १० लाखांच्या जवळपास. त्यांत प्रौढ पुरुष एक चतुर्थांश, बाकी बायका आणि मुलं.

तीस दिवसांची मेख

काकूंना पोलंडमध्ये 'पेसेल' क्रमांक मिळाला, आपल्या आधारसारखा, पण युक्रेनवाल्यांची खूण असलेला. मोबाईलमध्ये पोलंडमधल्या वास्तव्याचा दाखला आला. तो आणि पासपोर्ट दाखवला की हद्दीवरून ये-जा करता येऊ लागली. एका बेकरीत काम मिळालं. मुलगा शाळेत जाऊ लागला. दर महिन्याला मुलासाठी सरकारकडून पैसे मिळायचे, २०२४ पासून ८०० झ्लॉटी.

पण पोलंडच्या त्या खास कायद्यात एक मेख होती. तीस दिवसांपेक्षा जास्त पोलंडबाहेर राहिलात, तर हा दर्जा जातो.

२०२४ च्या उन्हाळ्यात काकूंची आई घरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण उठता येईना. काकू धावत गेल्या. आता सांगा, खुब्याचं हाड तीस दिवसांत जुळतं का? आपल्यापैकी जिने घरात असं दुखणं काढलंय तिला विचारा. पहिला महिना तर नुसता कूस बदलण्यात जातो.

अठ्ठाविसाव्या दिवशी काकू परत निघाल्या. आईने विचारलं, "एवढी काय घाई?" काय सांगणार? सांगितलं, "बेकरीत रजा नाही." खरं कारण तिला समजलं नसतं, आणि समजलं असतं तर जास्त लागलं असतं. दोन आठवडे क्राकूवला काम केलं, परत गेल्या. परत अठ्ठाविसावा दिवस. मधल्या दिवसांत बहीण बघायची. दोघी बहिणींनी कॅलेंडरवर वाटून घेतलं होतं, लाल गोल एकीचे, निळे गोल दुसरीचे. दोन रेघा म्हणजे परत फिरायची तारीख. भाचीने मला दाखवलं ते हेच कॅलेंडर.

तिकडे यजमान भेटायचे, तेही त्या अठ्ठावीस दिवसांतच. तिकडचा लष्करी कायदाही संसदेत नव्वद-नव्वद दिवसांनी वाढवला जातो. "आमच्या घरात सगळंच हप्त्याहप्त्याने," असं काकू भाचीला म्हणाल्या.

अठराव्या वाढदिवसाची भीती

मला सगळ्यात लागली ती मुलाची गोष्ट. आजी आजारी, पण काकू मुलाला एकदाही घेऊन गेल्या नाहीत. तो तेव्हा सतरा वर्षांचा. अठरा पूर्ण होईपर्यंत तो जाऊन येऊ शकत होता, कायद्याने काहीच आडकाठी नव्हती. पण आईचं मन. तिकडे गेला आणि नियम बदलला तर? गाडी बंद पडली, हल्ला झाला, मुक्काम लांबला तर? तो म्हणायचा, "मला आजीला बघायचंय." ही म्हणायची, "पुढच्या वेळी." जून २०२५ मध्ये तो अठराचा झाला आणि 'पुढची वेळ' संपली. आता तो हद्दीच्या आत गेला असता तर साठीपर्यंत बाहेर येणं अवघड.

मला विचाराल तर या काकूंना नावं ठेवायला मी धजणार नाही. ज्यांची मुलं लढतायत त्या आयाही तिथेच आहेत, आणि त्यांना काय वाटत असेल तेही कळतं. पण दोन्ही आयांची झोप सारखीच उडालेली, एवढं मात्र खरं.

ऑगस्ट २०२५ च्या शेवटी युक्रेन सरकारने नियम बदलला. १८ ते २२ वर्षांच्या मुलांना हद्द ओलांडायची मुभा मिळाली. लष्करी नोंदणीचे कागद जवळ हवेत, एवढीच अट. काकूंनी बातमी तीन ठिकाणी वाचली, वकिलाला विचारलं, ओळखीतल्या दोघांची मुलं जाऊन परत आल्याचं कानाने ऐकलं, आणि मग ऑक्टोबरात मायलेक निघाले. पिशवीत पोलंडची चॉकलेटं, आजीसाठी लोकरीचे मोजे आणि औषधं.

आजी काठी टेकत दारापर्यंत आली होती. चौदाचा असताना पाहिलेला नातू तिच्यापेक्षा हातभर उंच झाला होता. तिने म्हणे पहिल्यांदा त्याचे कानच ओढले, "इतकी वर्षं कुठे होतास?" म्हणून. बाप आणि मुलगा रात्री उशिरापर्यंत स्वयंपाकघरात बसून होते. बाराव्या दिवशी मायलेक परतले. निघताना आजीने मधाची बरणी दिली. सॉसेज द्यायला ती आता विसरते, म्हणजे मुद्दाम विसरते.

आणि आपण?

तुम्ही म्हणाल, हे सगळं युक्रेनचं, आपल्याला काय? तर आता आपल्या तालुक्याच्या गावातूनही आजी जर्मनीला लेकीच्या बाळंतपणाला जाते. तिला शेंगेनचा व्हिसा काढावाच लागतो. त्याची फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५. तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा हवा. पासपोर्टची दहा वर्षांची आणि तीन महिन्यांची अट आपल्यालाही तीच. आणि १८० दिवसांत ९० दिवसांचा हिशेबही अगदी तोच. व्हिसावर लिहिलेले दिवस त्याहून कमी असतील तर तेच खरे. तेव्हा बाळाच्या बारशानंतर "अजून थोडे दिवस राहा ना आई" असं लेक म्हणाली, तरी आधी कॅलेंडर बघा. ठसे आणि फोटोची नवी पद्धत आपल्यालाही लागू आहे. आणि हे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या वकिलातीकडून खात्री करून घ्या. शेजारणीच्या जावयाने सांगितलं, यावर जाऊ नका.

भाचीने जाताना मला विचारलं, "मावशी, काकूंना काही निरोप देऊ?" मी म्हटलं, "सांग, पोहे करताना कांदा आधी परतायचा असतो." तिने लगेच फोन लावला. पलीकडून हसण्याचा आवाज आला. मागे भिंतीवर कॅलेंडर दिसत होतं. नव्या महिन्याचं पान उलटलेलं होतं, आणि त्यावर एक लाल गोल आधीच काढून ठेवला होता.